किल्ली समक्ष घ्यावी

लिहिणाऱ्याला आपल्याकडून नेमकं काय हवंय, हे ओळखायला शाळेत शिकवल्यापासून भिंगरीच्या घरात साधी चिठ्ठी लिहून ठेवायची सोय उरली नव्हती. आईने फ्रिजवर 'दुधाकडे लक्ष द्यावे' एवढंच लिहिलं होतं. संध्याकाळी खाली पेन्सिलीची भर पडली होती : 'वरवरचा हेतू – सूचना. खरा हेतू – कालचा राग काढणे.'

"राग नाही," आई म्हणाली, "कालचं करपलेलं पातेलं. ते घासायला घे."

भिंगरी हे काही तिचं हजेरीपटावरचं नाव नव्हे. ती एका जागी बसत नाही म्हणून बाबांनी ते ठेवलं आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांनी उचललं. नववीत आल्यावर एखादं भारदस्त नाव मिळावं अशी तिची इच्छा होती, पण इमारतीने तो विषय विचारातच घेतला नव्हता.

तर भाषेच्या बाईंचं म्हणणं सोपं होतं. समोर आलेला मजकूर नुसता वाचून सोडायचा नाही. कोण लिहितंय, कुणासाठी लिहितंय, आणि वाचून झाल्यावर वाचणाऱ्याने काय करावं असं त्याला वाटतंय, हे विचारायचं. मग त्याला ते साधलं का, हे ठरवायचं. बाईंनी हे सांगितलं आणि भिंगरीच्या डोक्यात एकदम सगळे दिवे लागले. आजवर जग तिला उपदेश करत आलं होतं. आता जगाला दहापैकी गुण देता येणार होते.

गृहपाठ होता : आपल्या परिसरातला एखादा मजकूर निवडा, त्यातला लेखकाचा हेतू पुराव्यासह ओळखा आणि त्याचं मूल्यमापन करा. बाकीच्या मुलींनी साबणाची वेष्टनं आणली. भिंगरीला वेष्टनात रस नव्हता. तिच्या घरातच एक लेखक होता.

बाबा इमारतीचे सचिव होते. त्यांचं ऑफिस बंद पडलं त्याच महिन्यात आधीच्या सचिवांनी घर बदललं, आणि बाबांनी तिकडची फाईल मिटून इकडची उघडली. तळमजल्यावरच्या फलकावर त्यांच्या नोटिसा लागत. अक्षर छापल्यासारखं, समास सोडलेला, आणि भाषा अशी की पाण्याची मोटर बिघडली तरी वाचताना सावधान उभं राहावंसं वाटे. भिंगरीने निवडलेली नोटीस ही :

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गच्चीच्या दाराचे कुलूप सुरक्षिततेच्या कारणास्तव बदलण्यात आले आहे. किल्ली सचिवांच्या घरी उपलब्ध असून ती प्रत्येक वेळी समक्ष येऊन घ्यावी व समक्ष परत करावी. लहान मुलांस पाठवू नये. – सचिव.'

भिंगरीने दोन पानं लिहिली. वरवरचा हेतू, माहिती देणे. पण 'समक्ष' हा शब्द दोनदा का आला? मुलांना पाठवायला बंदी का? किल्ली फलकाशेजारी खिळ्याला का नाही? शिवाय पुरावा म्हणून तिने डोळ्यांदेखतची हकिकत जोडली. किल्ली मागायला कुणी आलं की सचिव 'बसा, बघतो' म्हणतात, मग एकेक खण उघडतात, मधेच पाण्याच्या बिलाचा विषय काढतात, चहा टाकतात, पुन्हा खण उघडतात. माणूस घड्याळाकडे बघून बघून थकला की किल्ली सापडते. 'यावरून असे सिद्ध होते,' भिंगरीने लिहिलं, 'की लेखकाला माणसे आपल्या दारात उभी राहिलेली हवी आहेत. लेखकाला दरारा हवा आहे. हेतू साध्य झाला काय? माणसे येतात, पण कुरकुरत येतात. दहापैकी चार.'

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर तिने स्वतःच ते मोठ्याने वाचलं. फार छान वाटलं. त्या छान वाटण्यात आपण बापाला नापास केलंय, ही बारीकशी गोष्ट तिच्या नजरेतून सुटली.

बाईंच्या नजरेतून मात्र काहीच सुटलं नाही. त्यांनी उत्तराखाली 'निरीक्षण उत्कृष्ट' असं लिहिलं आणि दोन्ही पानं शाळेच्या व्हरांड्यात, काचेच्या फलकात, सगळ्यांना दिसतील अशी लावली. भिंगरी त्या फलकासमोरून दिवसभर काही ना काही कारण काढून जात राहिली. शेवटच्या तासाला सूचना आली : शनिवारी पालकसभा, पालकांनी व्हरांड्यातील प्रदर्शन अवश्य पाहावे.

भिंगरी घंटा व्हायच्या आत फलकाकडे धावली.

कारण तिच्या इमारतीतल्या निम्म्या घरांची मुलं याच शाळेत होती, आणि 'आपल्या परिसरातील' म्हणजे कुठल्या परिसरातील हे ओळखायला कुणाला तीन प्रश्न विचारायची गरज नव्हती.

काचेच्या फलकाला कुलूप होतं. त्याची किल्ली हेडक्लार्ककडे. हेडक्लार्क चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "बाईंनी सांगितलं तर उघडतो."

"बाई प्रशिक्षणाला गेल्यात."

"मग अर्ज कर."

भिंगरीने तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला. "कारण लिहिलेलं नाहीस. माणूस अर्ज कशासाठी करतोय ते कळायला नको?"

भिंगरीने 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलं. हेडक्लार्कनी मान हलवली, शिक्का उचलला, पुन्हा ठेवला. "पालकांची सही."

"आईची आणली तर?"

"प्रवेशअर्जावर ज्यांची आहे त्यांची. नमुना जुळावा लागतो." त्यांनी जुनं रजिस्टर काढून बोट ठेवलं. छापल्यासारखं अक्षर, खाली ठसठशीत रेघ. बाबांची सही.

म्हणजे बाबांनी ते पान वाचू नये म्हणून करायच्या अर्जावर बाबांचीच सही हवी होती, आणि बाबा न वाचता सही करतील हे शक्यच नव्हतं. ते लाँड्रीची पावतीही दोन्ही बाजूंनी वाचत. भिंगरी अर्जाची घडी दप्तरात टाकून घरी आली. त्या रात्री जेवताना तिने भाजी दोनदा मागून घेतली आणि दोन्ही वेळा तशीच ठेवली.

शनिवारी नशिबाने बाबांना पाण्याची टाकी धुऊन घ्यायची होती, म्हणून सभेला आई गेली. तिला ड्युटीवर पळायचं होतं. तिने गणिताचे गुण बघितले, एक सुस्कारा टाकला आणि मागच्या दाराने गेली. भिंगरीने देवाचे, टाकीचे आणि गणिताचेही आभार मानले.

ते जरा लवकरच झालं. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आपल्या धाकट्या मुलीसाठी सभेला आले होते. या माणसाच्या मनात कुणाबद्दल वाईट विचार येत नाही. दाढ काढतानाही ते पेशंटचं अभिनंदन करतात. त्यांनी फलक वाचला, हरखून गेले, दोन्ही पानांचे फोटो काढले आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं : 'आपल्या भिंगरीचे अभिनंदन. काय निरीक्षण आहे.' आणि एक उंच केलेला अंगठा.

आता डॉक्टरांनी हे का टाकलं असावं, यावर इमारतीत तीन मतं झाली. पहिला मजला म्हणाला, डॉक्टरांना स्वतः सचिव व्हायचंय. दुसरा मजला म्हणाला, डॉक्टर सभ्य आहेत, त्यांच्याकडून कुणीतरी टाकून घेतलंय. गच्चीलगतच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "कशासाठी का टाकेना, पोरीने चोख लिहिलंय. घरच्याच माणसाची साक्ष आहे." या काकू दिवसातून चार-पाच वेळा कपडे वाळत घालायला गच्चीवर जात आणि दर वेळी किल्लीसाठी खाली येत. कुरकुर करण्यात त्या इमारतीत पहिल्या होत्या.

बाबांचा फोन टेबलावर थरथरत होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि सगळं वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. भिंगरी पडद्याच्या टोकाला पीळ घालत उभी राहिली. ते ओरडले असते तर तिला पुष्कळ बरं वाटलं असतं.

"दरारा," बाबा शेवटी म्हणाले. "शब्द योग्य ठिकाणी वापरलायस."

"बाबा, ते नुसता गृहपाठ म्हणून..."

"दुसऱ्या परिच्छेदात पुराव्यांचा क्रमही चांगला आहे." असं म्हणून ते उठले. शर्टाच्या खिशात हात घातला, गच्चीची किल्ली काढली, हातोडी घेतली आणि खाली गेले. फलकाशेजारी ठोकल्याचा आवाज वरपर्यंत आला. किल्ली खिळ्याला टांगून ते परत आले आणि पेपर उघडून बसले. पेपर कालचा होता.

पुढचे दिवस भिंगरीने चुका दुरुस्त करण्यात घालवले, आणि प्रत्येक दुरुस्तीने चूक थोडी वाढली. तिने आईच्या फोनवरून ग्रुपवर लिहिलं : 'ते उत्तर फक्त अभ्यासासाठी होते. सचिव चांगले काम करतात.' लगेच उत्तर आलं : 'सचिवांनी लिहून घेतलेले दिसते.' मग तिने एका कोऱ्या कागदावर जाहीर दिलगिरी लिहून तो फलकावर लावला. शाळेतून येईपर्यंत त्याखाली कुणीतरी लाल पेनने शेरा मारला होता : 'हेतू – मन वळविणे. साध्य नाही. दहापैकी दोन.'

तिने जगाला दिलेलं शस्त्र इतक्या लवकर परत येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती डॉक्टरांकडे गेली. ते दवाखान्यात हातमोजे घालून बसले होते आणि त्यांचा चेहरा तिच्याहून पडलेला होता.

"मी कौतुकाने टाकलं गं," ते म्हणाले. "अंगठासुद्धा टाकला होता खाली."

"काढून टाका ना."

"काढलं तर म्हणतील घाबरले. ठेवलं तर म्हणतील मुद्दाम ठेवलं. मी बायकोला विचारलं, ती म्हणाली, तुम्ही दातांपुरतं बघा."

एवढ्यात पहिल्या मजल्याने मागणी केली : सचिव बदलण्यासाठी सभा घ्या. काकूंनी पहिली सही केली. पण नियमावली काढली तेव्हा कळलं, की सभेची नोटीस सचिवांच्याच सहीने निघावी लागते. कुणीतरी म्हणालं, एवढ्यापुरता नियम बाजूला ठेवू. बाबा म्हणाले, "नियम बाजूला कसा ठेवता येईल?" आणि स्वतःला काढून टाकण्याच्या सभेची नोटीस ते स्वतः लिहायला बसले.

भिंगरी दारातून बघत होती. त्यांनी पट्टी घेऊन समास आखला. 'विषय : विद्यमान सचिवांच्या कार्यपद्धतीबाबत असमाधान' असं लिहिलं. 'असमाधान' पुरेसं वाटेना, म्हणून खोडून नवा कागद घेतला आणि 'तीव्र असमाधान' लिहिलं. खाली रेघ मारून सही केली.

आई रक्ततपासणीच्या लॅबमधून आली तेव्हा भिंगरी स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून ढसाढसा रडत होती.

"माझं उत्तर बरोबर होतं की चूक, तेवढं सांग."

आईने हात धुतले. "तू किती नोटिसा वाचल्यास?"

"एक."

"आमच्याकडे एका थेंबावर कुणी रिपोर्ट देत नाही." आईने माळ्यावरून बाबांची फाईल काढून तिच्यापुढे ठेवली. फाईल काही गुपित नव्हती. फलकावरून उतरवलेल्या जुन्या नोटिसा होत्या, सगळ्या इमारतीने वाचलेल्या. भिंगरीने त्या एकेक करून लावल्या. टाकी धुण्याची वेळ : 'सोयीची वेळ सचिवांना समक्ष येऊन सांगावी.' हरवलेली छत्री : 'ओळख पटवून समक्ष न्यावी.' जिन्यातला दिवा : 'रंग कोणता असावा याबाबत सचिवांशी समक्ष चर्चा करावी.' दिव्याच्या रंगाबद्दल चर्चा? दिवा पांढराच असतो.

आणि तेव्हा तिला शर्टाचा खिसा आठवला. त्या दिवशी किल्ली काढायला बाबांनी एकही खण उघडला नव्हता. किल्ली सरळ खिशातून आली होती. म्हणजे ती रोजच खिशात होती. मग ती रोजची शोधाशोध, ते 'बसा, बघतो', तो चहा?

तिने बाहेर डोकावून पाहिलं. बाबांची खुर्ची दाराकडे तोंड करून होती. जिन्यात पावलं वाजली. बाबांनी पेपर खाली केला. पावलं वर गेली. बाबांनी पेपर वर केला. ओट्यावरच्या ट्रेमध्ये कप उपडे घातलेले होते, त्या दिवसापासून तसेच.

'लेखकाला माणसे आपल्या दारात उभी राहिलेली हवी आहेत.' वाक्य बरोबर होतं. अगदी अक्षरन् अक्षर बरोबर होतं. फक्त पुढचं वाक्य तिने न बघता ठोकून दिलं होतं.

भिंगरीने रातोरात नाही, पण दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला, आधीच्या उत्तरातली चूक दाखवणारं सुधारित मूल्यमापन लिहून काढलं. पुरावे भक्कम होते : खिसा, खुर्ची, कप. सभेत हे वाचलं की सगळ्यांचे डोळे भरून येतील, बाबांचं पद वाचेल, असा तिचा हिशेब होता.

सभा गाड्या लावायच्या जागेत भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या बाबांनीच मांडल्या. स्वतःसाठी त्यांनी एक बाजूला ठेवली, जिचा पाय हलायचा. पहिल्या मजल्याने कार्यपद्धतीवर बोलायला सुरुवात केली. भिंगरी उठून उभी राहिली.

"मला वाचायचंय."

"अठरा वर्षांखालील व्यक्तीस सभेत बोलता येत नाही," बाबा म्हणाले. नियम होता.

"तिचंच पान वाचून सभा भरलीय," डॉक्टर चाचरत म्हणाले. इतक्या माणसांत ते प्रथमच तोंड उघडत होते. एरवी ते इतरांना उघडायला सांगत. "दुरुस्ती तरी वाचू द्या."

कुणी हरकत घेतली नाही. भिंगरीने कागद उलगडला. पहिली ओळ तिला पाठच होती : 'लेखकाला एकटे वाटते.' तिने वर पाहिलं.

बाबा हलत्या खुर्चीवर ताठ बसले होते. शर्टाला इस्त्री होती. एक हात रिकाम्या खिशावर होता. ते तिच्याकडे बघत होते, आणि कागदात काय आहे ते त्यांना कळलंय, हे तिला कळलं. पहिल्यांदा तिने त्यांचा हेतू चुकीचा ओळखून चारचौघांत वाचायला दिला होता. आता बरोबर ओळखला होता आणि पुन्हा चारचौघांतच वाचणार होती. कुठलं उत्तर जास्त लागेल? सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. आणि बाईंनी या प्रकारच्या प्रश्नाबद्दल काहीच शिकवलेलं नव्हतं.

तिने कागदाची घडी घातली.

"माझं उत्तर चुकलं होतं," ती म्हणाली. "नोटिशीचा हेतू माहिती देणं, एवढाच होता. कुलूप बदललंय, किल्ली आमच्याकडे आहे. बस."

"हे वाचायला दोन पानं आणलीस?" पहिल्या मजल्याने विचारलं.

"मोठ्या अक्षरात लिहिलंय."

बाबांनी खिशावरचा हात खाली घेतला.

मग काकू उठल्या. त्या उठल्या म्हणजे आता सचिवांचं काही खरं नाही, असं सगळ्यांना वाटलं.

"माहिती द्यायची होती ना," काकू म्हणाल्या, "मग किल्ली बाहेर खिळ्याला का टांगलीत?"

"आपल्या सर्वांच्या सोयीसाठी," बाबा म्हणाले.

"सोय मागितली कुणी? मी आठवडाभर वर जातेय नि खाली येतेय, एका माणसाशी बोलणं नाही. आमच्या घरात सगळ्यांच्या कानात ती गाणी ऐकायची बोंडं. चहासुद्धा एकटीने प्यायचा."

"पण काकू, तुम्हीच तर म्हणत होता, किल्लीसाठी पाऊण तास जातो म्हणून," डॉक्टर म्हणाले.

"म्हणत होते. पाऊण तास बसल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?"

"पहिली सही तुमची आहे," पहिल्या मजल्याने आठवण करून दिली.

"सभा व्हावी म्हणून केली. एरवी हे विचारायचं कुठे?"

भिंगरी काकूंकडे बघत राहिली. दिवसातून चार-पाच खेपा. आत्ता तिच्या लक्षात आलं, की काकूंच्या बादलीत एका वेळी कधीच दोनाहून जास्त कपडे नसत. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आजचा दिवस मिटण्याचा होता.

सचिव बदलण्याचा विषय तिथेच विरघळला, कारण पहिल्या मजल्याला विचारल्यावर त्याने टाकी, मोटर आणि दिवा ऐकून सचिव व्हायला नकार दिला. बाबांनी इतिवृत्तात 'तीव्र असमाधान व्यक्त झाले' असं प्रामाणिकपणे नोंदवलं आणि खुर्च्या उचलल्या. जिना चढताना ते भिंगरीला म्हणाले, "तो दुसरा कागद कुठाय?"

तिने दिला. त्यांनी तो न उघडता शर्टाच्या खिशात ठेवला. लाँड्रीची पावती दोन्ही बाजूंनी वाचणाऱ्या माणसाने.

सकाळी शाळेत जाताना भिंगरी फलकापाशी थांबली. खिळ्याला किल्ली नव्हती. समास आखलेला, छापल्यासारख्या अक्षरातला नवा कागद होता :

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गच्चीचे कुलूप कायमचे काढण्यात आले आहे. किल्लीची आवश्यकता नाही. तरी यावे. – सचिव.'

सवयीने तिचा हात पेन्सिलीकडे गेला. वर, त्यांच्या मजल्यावर, घंटी वाजली. पाठोपाठ काकूंचा आवाज आला, आणि बाबांचा, "बसा, बघतो." आता काय बघणार होते कोण जाणे.

भिंगरीने पेन्सिल दप्तरात ठेवली.